गावाजवळचं लेणं दोघांनी पाहा

अजिंठा-वेरूळ आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेलं असतं. शाळेची सहल असते, नाहीतर पाहुणे आलेले असतात. आपल्याच तालुक्यातल्या डोंगरातलं लेणं मात्र राहून जातं. रस्त्यानं जाताना कड्याच्या पोटात काळे चौकोन दिसतात, कोणीतरी 'ती पांडवलेणी' म्हणून बोट दाखवतं आणि गाडी पुढे निघून जाते. माझं आवाहन त्या काळ्या चौकोनांसाठी आहे. एक दिवस काढा, एक मित्र किंवा मैत्रीण सोबत घ्या आणि ते लेणं नीट पाहून या. मात्र घाईनं जाऊ नका, गर्दी घेऊन जाऊ नका आणि तयारीशिवाय तर मुळीच जाऊ नका.

भारतातली बहुतांश खोदीव लेणी महाराष्ट्रात आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसानं आपल्याला सह्याद्री दिला आणि त्या काळ्या पाषाणात माणसांनी पुढे घरं, प्रार्थनागृहं, पाण्याची टाकी खोदली. मुंबईकरांना कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर आहेत. पुण्यात भर वस्तीत पाताळेश्वर आहे, शहराबाहेर घोरावडेश्वर आहे, मावळात भाजे, बेडसे आणि कार्ले आहेत. एकट्या जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक लेणी आहेत. कराडला आगाशिव, जोतिबाजवळ पोहाळे, महाडला गांधारपाले, दापोलीकडे पन्हाळेकाजी, लातूर जिल्ह्यात खरोसा, धाराशिवला धाराशिव लेणी, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीची विजासन लेणी. गोव्यात साखळीजवळची हरवळ्याची लेणी तर जांभ्या दगडात खोदलेली आहेत. तुमच्या जवळचं लेणं यात नसेल, तर गावातल्या जुन्या माणसांना विचारा. निदान एखादी कपार किंवा टाकं तरी ते दाखवतील.

ही लेणी राजांनी खोदवली आणि आपण तिकीट काढून ती पाहायची, असा आपला समज असतो. कार्ल्याच्या चैत्यगृहावरचे लेख वाचले की तो समज जातो. तिथं धेनुकाकट गावच्या एका सुताराचं नाव आहे, सुगंधी द्रव्यांच्या एका व्यापाऱ्याचं आहे, खांब दान करणाऱ्या यवनांची आहेत. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांच्या दात्यांमध्ये माळी आहे आणि लोखंडाचा व्यापारीही आहे. कुठं भिक्षुणींची दानं आहेत, कुठं घर सांभाळणाऱ्या बायकांची. आपल्यासारख्याच कष्टाच्या पैशातून जगणाऱ्या माणसांनी वर्गणी घालून हे डोंगर कोरवून घेतले. म्हणून ती पाहण्याचा हक्क आपला आहे आणि सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच.

दोघंच का?

एकट्यानं जाऊ नका, हे पहिलं सांगणं. लहान लेण्यांकडे जाणाऱ्या वाटांवर आठवड्याच्या मधल्या दिवशी चिटपाखरू नसतं. पाय मुरगळला, फोनला रेंज नसली, तर एकटा माणूस साध्या दुखापतीनंही अडकून पडतो. सोबत दुसरा असेल तर तो आधार देऊ शकतो आणि मदतही आणू शकतो.

वीस जणांचा घोळकाही नको. घोळक्यात लेणं पाहिलं जात नाही, तिथं फक्त फोटो काढले जातात. आरडाओरड्यानं मोहोळ उठतं, वटवाघळं बिथरतात आणि मागे कचरा राहतो. दोघं असले की एक विजेरी धरतो, दुसरा पाहतो. एक फीत धरून मोजतो, दुसरा वहीत लिहितो. एकाला जे साधं भोक वाटतं, ते दुसऱ्याला लाकडी चौकटीची खाच वाटतं, मग दोघं वाद घालतात आणि पुन्हा जवळ जाऊन बघतात. लेणं कळतं ते अशा वादातून. सोबती निवडताना एवढंच पाहा की तो थांबायला तयार असावा. अवघड जागी 'इथून परत फिरू' असं तुमच्यापैकी एकानं म्हटलं, तर दुसऱ्यानं कारण न विचारता मागे फिरायचं, हे निघण्याआधीच ठरवून टाका.

घरी तिसऱ्या माणसाला कळलेलं असलं पाहिजे. कुठलं लेणं, कुठल्या गावातून चढणार, अंधार पडायच्या आत किती वाजता फोन करणार, हे कागदावर लिहून ठेवा. ठरल्या वेळी फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, हेही त्याच कागदावर असू द्या.

निघण्याआधी

दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण कातळावर शेवाळ धरतं, पायऱ्या निसरड्या होतात, दरडी सुटतात आणि ओढ्याला केव्हा लोंढा येईल याचा भरवसा नसतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पावसात जाऊ नये. उन्हाळ्यात गेलात तर सकाळी लवकर चढा आणि ऊन तापायच्या आत उतरा.

दोघांकडे मिळून तीन विजेऱ्या असाव्यात. मोबाइलचा दिवा त्यात धरू नका, फोनची बॅटरी मदत मागण्यासाठी राखून ठेवा. प्रत्येकी निदान दोन लिटर पाणी, खाण्याचा डबा, तळाला पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोकं-तोंड झाकता येईल असा मोठा रुमाल, नाकावर बांधायचा मास्क, पट्टी आणि जंतुनाशक, मोजायची फीत, वही आणि पेन्सिल एवढं पुरे. अत्तर किंवा उग्र वासाचं तेल लावून जाऊ नका. त्याचं कारण पुढे येईल.

पायथ्याच्या गावात दहा मिनिटं थांबा. गुरं राखणाऱ्याला किंवा देवळाच्या पुजाऱ्याला विचारा की वाट कुठली, टाक्याचं पाणी कसं आहे, यंदा कड्याला मोहोळ लागलंय का. तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओपेक्षा कालच वर जाऊन आलेल्या माणसाचं ऐकावं. वाट चुकण्यासारखी असेल तर गावातलाच वाटाड्या घ्या आणि त्याच्या दिवसाचे योग्य पैसे द्या.

जीव सांभाळा

लेण्यांत सर्वांत मोठी धास्ती आग्या मोहोळाची. या माश्यांची पोळी कड्याला, लेण्याच्या कपाळपट्टीला उघडी लोंबतात. धूर, उग्र वास, आरडाओरडा आणि दगड यांनी त्या उठतात. म्हणून लेण्यात चूल पेटवायची नाही, सिगारेट ओढायची नाही, फटाके तर नाहीच नाहीत. मोहोळ दिसलं तर त्याच्याखालून न जाता लांबूनच परत फिरा. माश्या अंगावर आल्याच तर हात झाडत उभं राहू नका. रुमालानं डोकं-तोंड झाका आणि पायाखाली पाहत शक्य तितक्या लवकर लांब निघा. बंद गाडी किंवा घर गाठा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. अंगात रुतलेले काटे नखानं खरवडून लगेच काढा. बरेच डंख झाले असतील, घसा सुजला असेल किंवा श्वास लागत असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

दुसरं भय पाण्याच्या टाक्यांचं. वरून चौकोनी तोंड लहान दिसतं, आत मात्र टाकं कातळाखाली दूरवर पसरलेलं आणि खोल असू शकतं. कडा गुळगुळीत असतात, आत उतरायला पायऱ्या नसतात आणि पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. टाक्याच्या काठावर बसून फोटो काढू नका, पोहायला उतरू नका, आणि पाणी प्यायचंच झालं तर गाळून, उकळूनच प्या.

दगडाच्या फटीत न पाहता हात घालू नका. फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे सगळे आपल्या डोंगरांत आहेत. साप चावला तर चावलेला भाग हलवू नका, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट आवळायचीही नाही. मांत्रिकाकडे न जाता सर्पदंशावरची लस असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. १०८ला रुग्णवाहिका मिळते आणि ११२ला पोलिसांसह सर्व तातडीची मदत मिळते. दोन्ही क्रमांक निघण्याआधीच दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

वटवाघळांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्याबाबत आपण भीतीही चुकीची बाळगतो आणि वागतोही चुकीचं. त्यांच्या विष्ठेच्या धुळीतून फुफ्फुसांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० साली घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. म्हणून जिथं विष्ठेचा थर साचलेला आहे, त्या खोलीत शिरायचं नाही, वटवाघळाला हात लावायचा नाही, मेलेलं असलं तरीही नाही. पण त्यांना हुसकावणं, धूर करणं, मारणं हाही मार्ग नाही. कीटक खाणारी वटवाघळं शेतकऱ्याचं काम हलकं करतात. बेळगावजवळ खानापूर तालुक्यात तळेवाडीच्या जंगलात बारापेडे नावाची गुहा आहे. वटवाघळाची एक दुर्मीळ जात कित्येक दशकं साऱ्या जगाला फक्त त्या एका गुहेतून माहीत होती. आपल्या आडगावच्या गुहेत काय नांदत असेल हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून दारातूनच पाहा आणि त्यांना त्यांच्या जागी राहू द्या.

दोघांनी कुठवर जायचं, याचीही मर्यादा सांगतो. खोदीव लेण्यात बहुतेक ठिकाणी दारातून उजेड येतो, तिथं दोघं पुरेसे आहेत. नैसर्गिक घळ, लाव्हारसानं तयार झालेली बोगद्यासारखी गुहा किंवा सरपटत जावं लागेल असं भुयार यांचं तसं नाही. तिथं निदान चार जण हवेत, म्हणजे एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबेल आणि दोघं मदतीला जातील. त्यांत जाणकार असलेच पाहिजेत, डोक्यावर हेल्मेट पाहिजे. तशी तयारी नसेल तर बाहेरचा उजेड जिथवर पोचतो, तिथंच थांबा. शिवथरघळीसारख्या रुळलेल्या जागेवरून अनोळखी घळीचा अंदाज बांधू नका.

पाहायचं कसं

लेण्यात शिरल्यावर आधी पाच मिनिटं काहीच करू नका. डोळे अंधाराला सरावू द्या. मग डावीकडून सुरुवात करून क्रमानं पुढे सरका.

दाराच्या चौकटीत खाचा दिसतील. तिथं लाकडी दार बसवलेलं होतं. उंबऱ्याजवळचा गोल खड्डा दार फिरण्यासाठी केलेला असतो. खोलीतला दगडी ओटा ही भिक्षूची झोपायची जागा आणि भिंतीतला कोनाडा दिव्याचा. बाहेर कातळात कोरलेली पन्हळ पाणी टाक्याकडे नेते. भाज्याच्या चैत्यगृहात खांब आत कललेले आहेत, कारण खोदणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती. छताला तर खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत. जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यात बारा साध्या खांबांच्या वर्तुळात स्तूप उभा आहे. भपका नाही, नक्षी नाही, तरी माणूस तिथं आपसूक प्रदक्षिणा घालू लागतो. अर्धवट राहिलेलं लेणं सापडलं तर ते मुद्दाम पाहा. काम छताकडून खाली आणि दर्शनी बाजूकडून आत कसं सरकत गेलं, हे तिथल्या छिन्नीच्या खुणा सांगतात. खोदकाम का थांबलं, यावर दोघांनी तर्क करावा. कदाचित दगडाला भेग गेली असेल किंवा मऊ लाल थर लागला असेल.

लेख शोधायचा असेल तर ओसरीच्या भिंतीवर, दारावर, खांबांवर आणि टाक्याच्या वर पाहा. विजेरी समोरून मारली तर अक्षर दिसत नाही. एकानं ती भिंतीलगत, अगदी बाजूनं धरावी. तिरप्या उजेडात खोलगट रेघांत सावली भरते आणि कोऱ्या वाटणाऱ्या भिंतीवर ओळ उमटते. ब्राह्मीची काही अक्षरं एका संध्याकाळी शिकता येतात. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे वर्तुळ आणि त्या वर्तुळात टिंब असलं की थ. 'देयधम' म्हणजे दान, हा शब्द ओळखता आला तरी पुष्कळ. कोंढाण्याच्या लेण्यावर कृष्णाचा शिष्य बलक यानं ते केल्याचा लेख आहे. मावळातल्या पाले गावाजवळच्या लहानशा लेण्यात अरहंतांना नमस्कार करून सुरू होणारा जैन लेख आहे. भदंत इंद्ररक्षितानं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, केल्याचं त्यात नोंदवलं आहे. हसमुख सांकळिया आणि शोभना गोखले यांनी तो लेख अभ्यासकांपुढे आणला.

लेण्यात आज देव असेल तर जोडे बाहेर काढा आणि पूजेच्या वेळी बाजूला थांबा. लेण्याद्रीचा गिरिजात्मज हा बौद्ध विहारात बसलेला गणपती आहे. विहार खोदणाऱ्यांचा आणि आज तिथं माथा टेकणाऱ्यांचा, दोघांचाही मान राखता येतो. तिथं उभं राहून मालकीचे वाद घालू नका.

दगडाला हात लावण्याआधी

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ साली आपलं नाव आणि तारीख कोरली. दोनशे वर्षं उलटून गेली, तरी तो ओरखडा तसाच आहे. तुम्ही-आम्ही किल्लीनं कोरलेलं नावही इतकंच टिकेल. केंद्राच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शिक्षेच्या भीतीनंच थांबायचं असेल तर जिथं रखवालदार नाही तिथं कोण थांबेल? तिथं आपणच रखवालदार.

नुकसान केवळ नाव कोरण्यानं होत नाही. फोटोत अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा हळद भरणं, मूर्तीला ऑइलपेंट लावणं, लेख पाण्यानं धुणं, त्यावर कागद ठेवून ठसा घेणं, यातलं काहीही करू नका. शेकोटीची काजळी जुन्या रंगावर बसते आणि मग ती निघत नाही. छताला रंगाचे अवशेष दिसले तर फ्लॅश मारू नका. एखादा सुटा तुकडा, खापर किंवा नाणं सापडलं तर उचलू नका. ते कुठं पडलं होतं, हीच अभ्यासकाच्या दृष्टीनं मोठी माहिती असते आणि आपण ते खिशात घातलं की ती पुसली जाते. कुठं होतं त्याची खूण आणि फोटो घ्या, ते तिथंच राहू द्या.

परतल्यावर एक काम

लेणं पाहून आल्याच्या संध्याकाळीच दोघांनी बसून एक पान लिहा. गावाचं नाव, दालनं किती, टाकी किती, लांबी-रुंदी, लेख कुठं दिसला, कुठं भेग गेली आहे, कुठं पाणी झिरपतं, कुठं झाडाची मुळं दगड फोडताहेत. तारीख घाला. मग जुनी नोंद शोधा. इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरांत लेण्यांची वर्णनं आहेत आणि राज्य शासनानं ती इंटरनेटवर ठेवली आहेत. तुमचं पान आणि जुनी नोंद शेजारी ठेवली की मधल्या काळात काय पडलं, काय गेलं, ते कळतं.

नासधूस, नवं खोदकाम किंवा धोक्याची भेग दिसली तर कळवा. लेणं केंद्राचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला, राज्याचं असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला. कोणाचं आहे ते सहसा फलकावर असतं. फलकच नसेल तर तहसीलदार आणि ग्रामपंचायतीला लेखी द्या आणि पोच घ्या. एका पत्रानं काही हललं नाही तर दुसरं पाठवा. लिहिलेल्या पानाची एक प्रत पायथ्याच्या शाळेत द्या. रोज त्या डोंगराखालून जाणाऱ्या मुलांना तो वाचता आला, तर लेण्याला यापेक्षा चांगले राखणदार मिळणार नाहीत.

पुढच्या वर्षी त्याच सोबत्याबरोबर त्याच लेण्यात पुन्हा जा आणि ते पान तपासा. नवं लेणं 'करून टाकण्या'पेक्षा एकच लेणं वर्षानुवर्षं सांभाळणारी दोन माणसं आज जास्त हवी आहेत. महाराष्ट्रात लेण्यांना तोटा नाही. प्रत्येकाला अशी दोन माणसं मिळाली तर सरकारी फलक असो वा नसो, ती टिकतील. तुमच्या जवळचं लेणं कोणतं ते आज शोधा, कोणाला सोबत न्यायचं ते ठरवा आणि त्या माणसाला फोन करून येत्या महिन्यातला एक रविवार पक्का करा.